मालिका पाहिली नाही, चाल मात्र पाठ आहे

जपानच्या एनएचके वाहिनीवर रोज सकाळी पंधरा मिनिटांची मालिका लागते. सकाळच्या मालिकेचा हा शिरस्ता १९६१ साली सुरू झाला, तो आजही चालू आहे. २०१३ च्या एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंत सकाळी आठ वाजता लागणाऱ्या मालिकेचं नाव होतं ‘आमाचान’. सोमवार ते शनिवार, एकूण १५६ भाग. त्यातला एकही मी पाहिलेला नाही. तिच्या पार्श्वसंगीताची सीडी मात्र आमच्या घरात इतकी वाजली आहे की नवरा भाजी चिरता चिरता त्यातली धून शिळेवर घेतो, आणि आपण काय वाजवतोय याचा त्याला पत्ता नसतो.

सीडी आणली भाचीने. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना तोटा नाही, आमच्या घरातली ही. नोकरी तोक्योत लागली. पहिल्या सुट्टीला येताना जुन्या सीडींच्या दुकानातून तिने माझ्यासाठी दोन-तीन उचलल्या. निवड कशी केली म्हणाल, तर ‘मावशी, तुला पेटी येते ना, म्हणून शब्द कमी असलेलं आणलं.’ एवढाच विचार. वेष्टणाच्या कण्याला जपानी सीडीला असते तशी कागदी पट्टी होती, आत घडीची पुस्तिका, आणि सगळा मजकूर जपानीत. म्हणजे कोण वाजवतंय, कशासाठी वाजवतंय, तुकड्यांची नावं काय, यातलं एक अक्षर मला कळण्यासारखं नव्हतं.

सीडी वाजवायला आता घरात काही उरलेलं नाही. आमच्या जुन्या गाडीत तेवढी एक फट आहे. त्यामुळे हे सगळं ऐकणं सुरू झालं ते सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीत. या रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान लागतं. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली ती बाग. आखीव हिरवळ, तळं, त्यात मासे, छोटे पूल. माझ्या डोक्यातलं जपान साधारण तेवढंच होतं. जपानी संगीत म्हणजे बासरीचा एक लांब सूर, मग बराच वेळ काही नाही, मग तंतुवाद्याची एक तार. अशा तयारीने मी सीडी आत सरकवली, आणि गाडीत वरात सुरू झाली.

खरंच वरात. ढोल-ताशा नव्हे, बँड. पितळी वाद्यांचा घोळका, मध्ये अकॉर्डियन, सगळे जणू चालता चालता वाजवताहेत अशी उडती लय. मात्रेवर काही नाही आणि दोन मात्रांच्या मधल्या जागेत छक-छक, म्हणजे पाय थांबवायचा म्हटलं तरी थांबत नाही. कुणी कुणाच्या फार पुढे नाही, पण सगळे अगदी एका रेषेतही नाहीत. विसर्जन मिरवणुकीत प्रभात बँड किंवा दरबार बँड लक्ष्मी रस्त्यावरून जाताना ज्यांनी ऐकला असेल, त्यांना ही गोष्ट समजेल: हा सैल गोडवा तालमीत चुकून राहून गेलेला नसतो, तो मुद्दाम राखलेला असतो. मध्येच चाल थोडी हळवी होते, लगेच सावरते आणि पुन्हा मिरवायला लागते. मी सिग्नलला थांबले होते, मागच्याने हॉर्न दिला.

ही शीर्षकधून. पुढे कळलं की त्या काळात या सकाळच्या मालिकांना बहुतेक वेळा एखाद्या नावाजलेल्या गायकाचं किंवा गायिकेचं शीर्षकगीत असायचं, इथे मात्र नुसती वाद्यं. तरी, किंवा म्हणूनच, ती धून देशभर झाली. त्याच उन्हाळ्यात शाळांच्या बेसबॉलच्या कोशिएन स्पर्धेत प्रेक्षकांत बसलेल्या शाळांच्या बँडनी ती वाजवली, आणि वर्षअखेरीला जपान रेकॉर्ड पुरस्कारांत तिला संगीतरचनेचा पुरस्कार मिळाला. मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की पाहुणे येणार असल्यासारखं वाटतंय.

शीर्षकधुनीनंतर तुकडे सुरू होतात. एक-दीड मिनिटाचे, दोन मिनिटांचे. एक कवायतीचा मार्च, एक उदासवाणा ब्लूज, एक पियानोचा रडका, एक असा की क्लॅरिनेट सरळ पूर्व युरोपातल्या लग्नात जाऊन बसते. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. पहिल्यांदा वैताग आला, कारण एखादा तुकडा कुठे रंगायला लागतो तोच त्याला कुणीतरी दार लावून घेतं. पण गाडीत दुसरं काही नव्हतं आणि रस्त्यावर उड्डाणपुलाचं काम चालू होतं, तेव्हा ऐकत राहिले. ऐकता ऐकता माझी मीच मालिका रचायला लागले.

माझ्या मालिकेत एक लहान गाव होतं. मार्च वाजला की गावाचा स्थूल सरपंच छाती काढून निघायचा आणि वाटेत त्याचं काहीतरी सांडायचं. ब्लूज होता तो एका निवृत्त फौजदाराचा, दुपारी चारलाच प्यायला बसणारा. क्लॅरिनेटवाला तुकडा दोन म्हाताऱ्यांचा, ज्या साठ वर्षं एकमेकींशी भांडताहेत. एका तुकड्यात काहीच घडत नाही. कुणीतरी अवघडून बसलंय, बोलायचं ते बोलत नाहीये, सूर अर्धवट उचलून खाली ठेवले जाताहेत. तो तुकडा माझा सगळ्यात लाडका झाला. मुलगी बघायला आलेल्या मंडळींसाठी पोहे येईपर्यंतचा वेळ, असं मी त्याचं दृश्य ठरवून टाकलं होतं.

भाचीला फोनवर मी ही सगळी कथा सांगितली. ती इतकी हसली की तिला फोन बाजूला ठेवावा लागला. ‘मावशी, तू आधी मालिका बघ ना!’ मी म्हटलं, आधी नावं वाच. तिने पुस्तिकेचे फोटो मागवून वाचून दाखवली. फौजदाराच्या ब्लूजचं नाव निघालं ‘अंबराच्या रंगाचा ब्लूज’. मालिका ज्या गावात चित्रित झाली ते इवाते प्रांतातलं कुजी हे अंबरासाठी, म्हणजे झाडाच्या चिकाच्या त्या पिवळ्या-तांबूस खड्यासाठी, प्रसिद्ध आहे. क्लॅरिनेटवाल्या तुकड्याच्या नावातच क्लेझ्मर होतं. पूर्व युरोपातल्या ज्यू समाजातलं लग्नकार्यात वाजणारं संगीत ते. त्यात कोमल रिषभाला शुद्ध गंधार चिकटून येणं ही नेहमीची गोष्ट. आपल्या कानाला भैरवाच्या अंगाने ते ओळखीचं लागतं, फक्त आपण त्यावर पहाटे डोळे मिटून बसतो आणि ते लोक नाचतात. आणि माझा लाडका, पोह्यांची वाट बघणारा तुकडा? ‘साधं, विचित्र आणि धड सांगता न येणारं’, अशा अर्थाचं नाव होतं त्याचं. मी खूश झाले. दृश्य काही का असेना, अवघडलेपण तर बरोबर ओळखलं होतं.

पण असं कसं होतं, हा प्रश्न मला सोडेना. चित्रपटाचं पार्श्वसंगीत कसं होतं ते मला ढोबळमानाने माहीत होतं. कापून तयार झालेली रिळं समोर ठेवतात, नायिका वळली की व्हायोलिनही वळलं पाहिजे, दार आपटलं की ताल तुटला पाहिजे. असं संगीत चित्रावेगळं केलं की लंगडतं. खुर्ची काढून घेतलेल्या माणसाच्या बसण्याच्या पवित्र्यासारखं. ही सीडी तशी लंगडत नव्हती.

याचं उत्तर जपानी दूरचित्रवाणीच्या कामाच्या पद्धतीत आहे. तिकडे मालिकेच्या संगीताचा मोठा भाग चित्रं तयार व्हायच्या आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवतात. दिग्दर्शक आणि ध्वनी बघणारी मंडळी संगीतकाराला एक यादी देतात: रोजचं जगणं, हलकी फजिती, संशय, आनंद, जरा मोठा आनंद, दुःख एक, दुःख दोन. प्रत्येकाला क्रमांक. संगीतकार पटकथा, पात्रांची माहिती आणि ही यादी यावर ते सगळं रचतो. एकाच चालीचे चार-पाच अवतार करतो: संथ, जलद, नुसत्या पियानोवर, तालाशिवाय. मग ते भांडार पुढे रोजच्या भागांना पुरवून वापरलं जातं. कुठला तुकडा कुठल्या दृश्याला लावायचा हे ठरवणारा माणूस वेगळा असतो, आणि एकच तुकडा आज हसण्याला, महिन्याने निरोपाला लागू शकतो. म्हणून प्रत्येक तुकड्याला स्वतःची सुरुवात आणि स्वतःचा शेवट द्यावाच लागतो. तो दार लावल्यासारखा शेवट, ज्याचा मला वैताग आला होता, तो यासाठी. तेव्हासारखे आठवड्याला सहा भाग, सहा महिने, असा रतीब घालायचा तर दुसरं काय करणार? ‘आमाचान’साठी तीनशेहून अधिक तुकडे केले गेले असं सांगतात.

हे वाचल्यावर माझ्या मनातली उरलीसुरली चोरटी भावना गेली. मालिका न बघता तिचं संगीत ऐकणं म्हणजे लग्नाला न जाता नुसतं जेवून येणं, असं मला अधूनमधून वाटायचं. पण इथे तर रचणाऱ्यानेही दृश्य न बघताच रचलेलं. त्याच्याकडे यादी होती, माझ्याकडे तीही नव्हती, इतकाच फरक.

सगळंच गोड आहे असं नाही. दुःखाचे तुकडे मला या सीडीत फिके वाटतात. पियानोचे दोन-दोन सूर, खाली तंतुवाद्यांचा पातळ थर, आणि सारं कुणाच्या तरी रडक्या चेहऱ्याची वाट बघत उभं. या तुकड्यांना चित्र हवं असतं. आपल्या मालिकांत सासूच्या तोंडावर तीनदा ढॅण वाजतं त्यापेक्षा हे शंभरपट सभ्य आहे, कबूल, पण जात तीच. माझा अनुभव असा की विनोदी संगीत चित्राशिवाय उभं राहतं, करुण संगीत सहसा राहत नाही. भाचीने आणलेल्या बाकीच्या सीडींत एक ऐतिहासिक मालिकेची होती, सगळी तलवारी आणि सूर्यास्तांची. ती मी दोनदा ऐकून कपाटात ठेवली.

मग पेटी काढली. अकॉर्डियन आणि पेटी दोन्ही पोलादी-पितळी जिभांवर वाऱ्याने बोलणारी, तेव्हा हे जमेल असा माझा अंदाज. चाल दोन संध्याकाळींत हाताला बसली. अडलं ते त्या छक-छकपाशी. अकॉर्डियनवाल्याचा भाता दोन्ही हातांच्या मध्ये असतो, त्यामुळे दोन्ही हातांची बोटं मोकळी. माझा डावा हात भात्यावर अडकलेला. उजव्या हातानेच चाल धरायची आणि मधल्या जागेतले ठोकेही द्यायचे, म्हणजे एकाच जिभेने गाणं आणि गुळणी. शेवटी आमच्या भजनी मंडळातल्या तबलजींना बसवलं. त्यांनी ऐकलं, दोनदा मान हलवली, ‘हा केहरवाच आहे हो, नुसता उलटा घातलाय,’ म्हणाले आणि सुरू झाले. शास्त्रात बसतं की नाही माहीत नाही. वाजतं मात्र छान. आमच्या मंडळात आता आरतीच्या आधी सगळे जमेपर्यंत आम्ही हे वाजवतो, आणि अजून कुणी हरकत घेतलेली नाही.

वाजवायला लागल्यावर रचणाऱ्याबद्दल कुतूहल वाढलं. ओतोमो योशिहिदे. जन्म १९५९, योकोहामाचा. शाळेची वर्षं फुकुशिमात गेली. मला वाटलं होतं हलकंफुलकं संगीत करणारा कुणी हसरा गृहस्थ असेल. हा माणूस निघाला गोंगाटी संगीताचा, म्हणजे फिरत्या तबकड्यांवर सुया खरवडणं, गिटारचा किंकाळ्यांपर्यंत छळ, ऐन वेळी सुचेल ते वाजवणं, या पंथातला नावाजलेला. नव्वदच्या दशकातला त्याचा ‘ग्राउंड झीरो’ हा गट मी यूट्यूबवर लावला आणि आमच्या मांजराने खोली सोडली. मालिकेतल्या एका मुख्य गाण्याची चाल त्याच्यासोबत साचिको एम या बाईंनी केली आहे. त्या प्रसिद्ध आहेत आत काहीच न भरलेला सॅम्पलर वाजवण्यासाठी. म्हणजे ध्वनी साठवायच्या यंत्रात ध्वनी न घालता, यंत्राचा स्वतःचा तो सरळ, बारीक, न हलणारा सूर तेवढा वाजवायचा. अशा दोघांनी मिळून ऐंशीच्या दशकातल्या बाहुलीछाप गायिकांच्या गाण्यांची इतकी हुबेहूब चाल केली की ते गाणं दुकानादुकानांतून वाजलं. मला यात विसंगती वाटत नाही. सुराकडे इतक्या कोरड्या नजरेने बघितलेली माणसंच गोडवा किती घालायचा हे अचूक मोजू शकतात.

त्या पहिल्या धुनीतलं ओळखीचं बँडपणही आता उलगडलं. जपानमध्ये चिंदोन्या नावाची रस्त्यावरची वाजवणारी मंडळी असत, अजूनही थोडी आहेत. रंगीबेरंगी वेष, गळ्यात एका चौकटीत अडकवलेली धातूची छोटी थाळी आणि छोटे ढोल, सोबत क्लॅरिनेट किंवा सॅक्सोफोन. दुकान उघडलं की गल्लीबोळांतून वाजवत त्याची जाहिरात करायची. पाश्चात्त्य लष्करी बँडची वाद्यं रस्त्यावर उतरली आणि गल्लीची झाली, ही गोष्ट तिकडेही घडली, इकडेही घडली. पुण्याची वरात आणि तोक्योची दुकान-जाहिरात यांचं नातं माझ्या कानाने आधी लावलं, कागदपत्रं मागाहून मिळाली.

कुजी हे गाव तोहोकुच्या, म्हणजे ईशान्य जपानच्या, पॅसिफिक किनाऱ्यावर आहे. तोक्योत वाढलेली एक मुलगी आईच्या गावी येते आणि समुद्रात बुडी मारून सी अर्चिन, म्हणजे काटेरी कवचाचे खाण्याचे सागरी जीव, काढणाऱ्या बायकांत सामील होते, असं कथानक. ते २००८ मध्ये सुरू होतं आणि चालत चालत ११ मार्च २०११ पर्यंत येतं. भूकंप, त्सुनामी. २०१३ साली सकाळी आठला हे बघायला बसलेल्या प्रत्येकाला पुढे कुठली तारीख येणार हे ठाऊक होतं. मालिकेत जी छोटी रेल्वे आहे ती खरी आहे, सानरिकू रेल्वे. त्या दिवशी तिचे रूळ, पूल ठिकठिकाणी वाहून गेले. पण कुजी ते रिकुचू-नोदा एवढ्या तुकड्यावर त्यांनी १६ मार्चला, पाच दिवसांत, गाडी पुन्हा चालवली. सगळा मार्ग जोडायला एप्रिल २०१४ उजाडलं, म्हणजे मालिका चालू असताना ती रेल्वे अजून तुटलेलीच होती.

ओतोमोचं तर शाळेचं गावच फुकुशिमा. अणुभट्टीच्या दुर्घटनेनंतर त्याने आणि सोबतच्यांनी १५ ऑगस्ट २०११ रोजी तिथे उघड्यावर संगीताचा मोठा उत्सव केला. मातीत किरणोत्सारी धूळ बसलेली, लोकांनी हिरवळीवर बसायचं कसं? म्हणून ठिकठिकाणांहून कापडं मागवून, ती एकमेकांना शिवून, मैदानभर अंथरली. आणि दोन वर्षांनी याच माणसाने ती धून केली, जिच्यावर आमचे तबलजी मान डोलावतात.

हे कळल्यावर धून मला वेगळी ऐकू येते का? येते. उदास नाही होत, ती होऊच शकत नाही. पण ती मधली हळवी जागा, जी लगेच सावरते, तिथे मी आता पेटीवर थोडी रेंगाळते. तबलजी डोळे वटारतात.

भाची अजून मागे लागलेली आहे की मालिका बघ. मी नाही म्हणते. हट्ट नाही, पण मला माहीत आहे की एकदा पाहिली की पोह्यांची वाट बघणारी माझी मंडळी उठून जातील आणि तिथे कुणी जपानी स्टेशनमास्तर येऊन बसेल. तो चांगलाच असेल. पण तो दीडशे भागांत सगळ्यांना मिळालेला आहे. माझी मंडळी फक्त माझ्याकडे आहेत. मालिकेच्या संगीताची दुसरी सीडीही आहे म्हणे. ती मात्र आणायला सांगितली आहे, पुस्तिका न वाचता पाठव अशा अटीवर.

मध्यंतरी पुतण्याच्या लग्नासाठी बँड ठरवायला गेले होते. बोलणं झाल्यावर राहवलं नाही, मोबाइलवर ती धून क्लॅरिनेट वाजवणाऱ्या काकांना ऐकवली. त्यांनी मोबाइल कानाला लावून अख्खी ऐकली, बोटं हवेत हलत होती.

‘कुठल्या पिक्चरचं?’

‘मालिका आहे, जपानी.’

‘बघितली का तुम्ही?’

‘नाही.’

‘आम्ही तरी कुठं बघतो सगळे पिक्चर? गाणं आलं की वाजवायचं.’ मग म्हणाले, वाजेल, पण नवरदेवाकडची पोरं यावर नाचायची नाहीत, ढोल वाढवावा लागेल, आणि त्याचे पैसे वेगळे. मी ढोल वाढवू नका म्हटलं. मंडपाच्या दारात, मुलीकडची मंडळी सामोरी येतात तेव्हा, तेवढीच एकदा वाजवा. त्यांनी रेकॉर्डिंग व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगितलं आणि आगाऊ रकमेची पावती फाडली.